जुनी लढाऊ विमानं आणि हॉट रॉड: ती भोकं, ते रिव्हेट नक्की आले कुठून? आणि माझ्या जीपचं काय करू?

डिचोलीचा_जीपवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे जीपवाले, वेल्डिंगवाले, नेव्हीवाले सगळेच पडीक असतात म्हणून इथेच विचारतो.

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये गेलो होतो. त्याला सी हॅरियर बघायचं होतं, मी आपला ऊन चुकवायला अलिझे नावाच्या नेव्हीच्या जुन्या विमानाच्या पंखाखाली जाऊन उभा राहिलो. सहज वर बघितलं तर चाक आत जातं त्या खोबणीत पत्र्याच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला ओळीने गोल भोकं, भोकाची कड आत वळवलेली, अगदी करंजीच्या कडेसारखी नीट. दहा मिनिटं तसाच मान वर करून उभा, भाचा म्हणतो मामा चल ना. कारण हे मी आधी पाहिलेलं होतं. विमानात नाही, अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या हॉट रॉडांमध्ये. म्हणजे ते १९३२ च्या फोर्ड वगैरे घेऊन मडगार्ड काढून टाकतात, छप्पर कापून बुटकं करतात, मोठं इंजिन टाकतात, त्या गाड्या. त्यांच्या सीटला अशीच भोकं, डॅशबोर्डला अशाच रिव्हेटच्या (पत्रे जोडायला ठोकतात त्या खिळ्यांच्या) ओळी, कुणाकुणाच्या तर आत तोच विमानातला पिवळट हिरवा रंग.

तर प्रश्न एक, हे खरंच विमानातून आलंय की नंतर कुणीतरी फॅशन म्हणून चिकटवलं? आणि प्रश्न दोन, जो खरा आहे. बाबांची १९७१ ची पेट्रोल जीप आहे, चॅसी ठणठणीत, पण बॉडीला खालून वर आणि वरून खाली गंज. खाणीच्या काळात बाबांनी ती सुपरव्हिजनला पिदडलीय, नंतर खाणी थांबल्या आणि जीपही माडाखाली थांबली. तिला अशा विमानी पद्धतीने उभी करावी असं डोक्यात बसलंय. अॅल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट, भोकांच्या सीटा. पिसाटलोय का मी?

म्हापशेकर_७७

गोव्यात पायलट म्हटलं की पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल आणि मागे बसलेली भाजीची पिशवी धरून आजी. तू त्या मडगार्डला भोकं पाड, वजन कमी होईल, भाडं पण कमी कर.

(सॉरी, राहवलं नाही. विषय भारी आहे, लोक येऊ देत.)

मडगावचा_पुस्तकी

पिसाटला नाहीस, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी हो असं आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी जागा समजून घे. हॉट रॉडचं माहेर म्हणजे कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग, लॉस एंजेलिसचा परिसर. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विमानं सगळ्यात जास्त कुठे बनत होती, तर त्यातला एक मोठा पट्टा हाच. बरबँकला लॉकहीड, सांता मोनिका आणि लाँग बीचला डग्लस, इंगलवूडला नॉर्थ अमेरिकन, हॉथॉर्नला नॉर्थ्रॉप. म्हणजे आपल्याकडे घरटी एक माणूस खाणीवर नाहीतर बोटीवर असायचा ना, तसं तिकडे घरटी एक माणूस विमानाच्या कारखान्यात. तीच पोरं सुटीच्या दिवशी सुकलेल्या तलावांवर गाड्या पळवायची. म्युरॉक नावाचा तलाव त्यांचा लाडका, तो लष्कराने विमानतळासाठी घेतला (पुढे तोच एडवर्ड्स हवाई तळ), मग ही मंडळी एल मिराज नावाच्या तलावावर गेली.

युद्ध संपलं १९४५ ला. दोन गोष्टी एकदम मोकळ्या झाल्या, हात आणि माल. हात म्हणजे ज्यांनी चार वर्षं पत्रा वाकवला, रिव्हेट ठोकले, इंजिनं उघडली ती पोरं. माल म्हणजे सरकारने भंगाराच्या भावात काढलेला डोंगर, त्यात सीटा, पट्टे, मीटर, पाईप, नट बोल्ट, टाक्या, सगळं नवंकोरं आणि त्या काळातलं सर्वोत्तम.

आता टाक्यांची गोष्ट ऐक, ही माझी आवडती. लांब पल्ल्याच्या लढाऊ विमानांना पोटाखाली किंवा पंखाखाली जादा पेट्रोलची टाकी लावायचे, पेट्रोल संपलं की हवेतूनच टाकून द्यायचे. आकार थेंबासारखा, कारण हवा अडू नये. बिल बर्क नावाचा गाडीवेडा युद्धात कोस्ट गार्डमध्ये पॅसिफिकमध्ये होता, तिथे त्याने या टाक्या बघितल्या आणि त्याच्या डोक्यात तुझ्यासारखीच ट्यूब पेटली, की यात माणूस आणि इंजिन बसेल की रे. १९४६ मध्ये त्याने पी-५१ मस्टँगच्या टाकीची गाडी बनवून एल मिराजवर पळवलीसुद्धा. पण ती टाकी चिंचोळी पडली, मग त्याने पी-३८ लाइटनिंगची मोठी टाकी घेतली, तीनशे गॅलनच्या वरची. त्यात ड्रायव्हर पुढे आणि इंजिन मागे असं सगळं पोटात मावलं, बाहेर फक्त चार चाकं. तिथून त्या गाड्यांची एक जातच तयार झाली, बेली टँक लेकस्टर म्हणतात. अॅलेक्स झिडियास म्हणून एक जण वायुदलातून सुटून आला आणि त्याने १९४६ मध्येच बरबँकला, म्हणजे जिथे पी-३८ बनायचं त्याच गावात, सो-कॅल स्पीड शॉप उघडलं. त्याच्या टाकीच्या गाडीने १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १९८ मैलांच्या वर वेग काढला. म्हणजे ३१८ किलोमीटरच्या पुढे. फेकून द्यायची टाकी!

चाकांचंही तेच. टेड हॅलिब्रँड आधी डग्लस विमान कंपनीत होता, तिथे मॅग्नेशियम हा धातू हाताळलेला, नंतर त्याने रेसच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची हलकी चाकं काढली. आणि आपण ज्याला 'आर्गन मारून आण' म्हणतो ना, ते आर्गन वेल्डिंग, ते सुद्धा १९४० च्या आसपास नॉर्थ्रॉपमध्ये विमानाचं मॅग्नेशियम जोडता यावं म्हणून पक्कं झालं, तेव्हा त्यात हेलियम वायू वापरायचे म्हणून त्याला हेलीआर्क म्हणायचे. बॉनेटला पाव वळसा देऊन उघडायची जी बटणं असतात, डझूस, तीही विमानाच्या झाकणांचीच.

खवचट_फोंडा

पुस्तकी भाऊ, छान लिहिलंस, पण जरा हात आखडता घे. विमानामुळे हॉट रॉड जन्मले असं कुणाला वाटायला नको. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, जी त्या तलावांवरच्या रेसचे टायमिंग घेते, तिची स्थापना १९३७ ची. म्हणजे युद्धाच्या आधीच पोरं मडगार्ड उपटून तलावावर पळत होती, आणि मडगार्ड उपटायला विमानाचा कारखाना लागत नाही, पाना लागतो. फोर्डचं स्वस्त व्ही-एट इंजिन १९३२ चं, खरा बाप तो. आणि भोकांचं म्हणशील तर मर्सिडीजने १९३१ मध्ये एसएसकेएल नावाची रेसची गाडी काढलेली, शेवटचा एल म्हणजे जर्मनमध्ये हलकी, तिची अख्खी चॅसी चाळणीसारखी भोकं पाडलेली. तेव्हा भोक ही काय विमानाची मिरास नव्हे.

आणि आजच्या ज्या 'बॉम्बर सीट' विकतात त्यातल्या किती सीटांनी बॉम्बर बघितलाय? नव्या पत्र्याला भोकं पाडून जुन्याचा आव.

मडगावचा_पुस्तकी

खवचट, मान्य, तुझं नाव उगीच नाही. हॉट रॉड आधीचे हे बरोबर, एसएसकेएलचंही बरोबर. पण युद्धाआधीची गाडी आणि नंतरची गाडी शेजारी ठेवून बघ. आधीच्या गाडीत काढून टाकणं जास्त आहे, जे नको ते उपट आणि पळ. नंतरच्या गाडीत बनवणं आलं. पत्र्याची सीट स्वतः घडवली, डॅशबोर्ड रिव्हेटने बसवला, पाईपाचं तोंड विमानासारखं ३७ अंशात उघडून नट लावला. हा जो हातातला फरक आहे तो कारखान्यातून आला. नुसती नक्कल असती तर पन्नास वर्षांत मेली असती.

बॉम्बर सीटबद्दल एक गंमत. खऱ्या जुन्या सीटांचं बूड खोल असायचं, परातीसारखं, कारण वैमानिक पॅराशूटची गादी बुडाखाली बांधूनच बसायचा, ती त्या खड्ड्यात मावायची. हॉट रॉडवाल्यांनी तीच सीट गाडीत लावली तर स्टिअरिंगच्या वर डोकं कसंबसं निघायचं, म्हणून जाड गादी घालावी लागायची. आज जे हौसेने तसंच खोल बूड बनवतात त्यातल्या बऱ्याच जणांना ते खोल का हेच माहीत नसतं. इथे मी खवचटच्या बाजूने.

दाबोळी_निवृत्त

वाचत होतो गप्प, पण भोक आणि रिव्हेट निघालं म्हणून लिहितो. मी नेव्हीत एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर होतो, दाबोळीला बरीच वर्षं, सी हॉक हे जुनं लढाऊ विमान उतरणीला लागलेलं तेव्हा भरती झालो, अलिझे भरपूर केलं. जीपवाल्या बाळा, तू ज्या पंखाखाली उभा राहिलास त्याच्याखाली मी पाठीवर पडून कित्येक दुपारी काढल्यात.

पहिलं भोकाचं. लोकांना वाटतं भोक पाडलं की वजन कमी, झालं. अरे नुसतं भोक पाडलं तर पत्रा लुळा पडतो. ती जी कड वळवलेली तू बघितलीस ना करंजीसारखी, खरी करामत तिची आहे. कड वळली की पत्र्याला तिथे उभी भिंत मिळते, आणि भोक असूनही पट्टी आधीपेक्षा कडक होते. एक सपाट कागद हातात धर, लवतो. त्याची कड दुमड, मग धर. आणि भोकं पट्टीच्या मधोमध असतात, कडेला कधीच नाही, कारण पट्टी वाकते तेव्हा वरची कड ताणली जाते, खालची दबते, मधे जोर सगळ्यात कमी. जिथे काम नाही तिथलाच धातू काढायचा. बाकी काढलास तर विमान तुला काढेल.

रिव्हेटचं. तुम्ही बाजारात जो पॉप रिव्हेट घेता, खटॅक करून ओढायचा, तो झाकणाला ठीक, जोराच्या जागी नाही. विमानाचा रिव्हेट भरीव. दोन माणसं लागतात, एक बाहेरून रिव्हेट ठोकायची गन धरतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, बकिंग बार. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, मधे पत्रा. ठकठक अशी खूण असायची, एक टकोर म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला, काढ. जोडीदार बदलला की दोन दिवस कामाचा सत्यानाश. माप साधं, रिव्हेटची जाडी जाड पत्र्याच्या तिप्पट धर, भोक पत्र्याच्या कडेपासून निदान दोन जाडी आत, आणि ठोकल्यावर आतलं डोकं दीड जाडी रुंद, अर्धी जाडी उंच. ते बोटाने सुद्धा कळतं सवयीने.

काही कडक मिश्रधातूचे रिव्हेट तर आम्ही फ्रीजरमध्ये ठेवायचो. खोटं नाही. ते तापवून थंड केले की थोडा वेळ मऊ असतात, मग हळूहळू आपोआप कडक होतात, थंडीत ठेवले की कडक व्हायचं थांबतात. बाहेर काढले की पंधरा वीस मिनिटांत ठोकायचे, नाहीतर डोक्याला चीर. आइसबॉक्स रिव्हेट. नवीन पोराने एकदा सगळा डबा बाहेर काढून चहाला गेला होता, त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि एक, सैल झालेला रिव्हेट कसा ओळखायचा? त्याच्या मागे काळी रेघ उमटते, धुराड्यासारखी. रिव्हेट हलतो, पत्र्यावर घासतो, तो काळा कीस वाऱ्याने मागे ओढला जातो. आम्ही म्हणायचो हा विडी ओढतोय. तुझी जीप कच्च्या रस्त्याने गेली की सहा महिन्यांत बघ, किती जण विड्या ओढतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाळा, तू गोव्यात आहेस, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नाही. तिकडे सुक्या हवेत जुनी विमानं वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहतात. इथे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस. लोखंडी चॅसीवर अॅल्युमिनियमचा पत्रा थेट टेकवलास आणि मधे खारट ओल गेली की बॅटरी तयार झाली, आणि त्या बॅटरीत खर्च कोण होतं तर अॅल्युमिनियम. आधी पांढरी भुकटी येईल, मग पत्रा पापडासारखा फुगेल, पदर सुटतील. तो पिवळट हिरवा रंग लोकांना सुंदर वाटतो, तो झिंक क्रोमेट, तो शोभेला नव्हता, याच्याचसाठी होता. पण तो आता शोधू नकोस, क्रोमेट अंगाला वाईट, कॅन्सरकारक. इपॉक्सी प्रायमर मार, दोन धातूंच्या मधे सीलंट किंवा रबराची पट्टी घाल, प्रत्येक बोल्टला. बोटीवरून उडून आलेलं विमान आम्ही आधी गोड्या पाण्याने धुवायचो, बाकी सगळं नंतर. ती सवय लाव.

आणि हो, कुणी तुला जुन्या विमानाचं मीटर विकायला आलं, ज्याचे आकडे अंधारात चमकायचे म्हणून सांगत असेल, तर काच उघडू नकोस, खरवडू तर अजिबात नकोस. युद्धकाळच्या मीटरांवर रेडियमचा रंग असायचा. चमक गेली तरी रेडियम जात नाही.

कुंडईचा_वेल्डर

काका, विडी ओढतोय हे आजपासून माझ्या वर्कशॉपमध्ये चालू.

जीपवाल्या दादा, आता माझ्याकडून जमिनीवरचं ऐक. मी फॅब्रिकेशन करतो, बरंचसं गेट, ग्रिल, शेड, मधेच हौशी लोकांच्या गाड्या. आणि भोकांची हौस मी पण केलीय आणि तोंडावर पडलोय. एका गिऱ्हाईकाने फोटो दाखवले, असंच पाहिजे म्हणाला, मी त्याच्या जीपच्या पुढच्या मडगार्डचे ब्रॅकेट घेतले आणि होलसॉने, म्हणजे गोल करवतीने, टकाटक भोकं पाडली. दिसायला एक नंबर. कड वळवली नाही, भोकाच्या आतली कुसळं पण नीट काढली नाहीत, घाईत होतो, चतुर्थी आठ दिवसांवर. गाडी अनमोड घाट चढून उतरून आली आणि डाव्या ब्रॅकेटला भोकातून कडेपर्यंत चीर, केसासारखी सुरू झालेली आणि बोटभर लांब गेलेली. सुरुवात कुठून, तर होलसॉचा एक ओरखडा होता तिथूनच. पैसे परत दिले, गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

नंतर शहाणपण आलं. लेथवाल्याकडून इएन-८ पोलादाची जोडी करून घेतली, नर आणि मादी, डिंपल डाय म्हणतात. आधी पत्र्याला साधं भोक पाडायचं, आत बाहेर दोन्हीकडून कड गुळगुळीत करायची, नखाला लागता कामा नये, मग दोन डायच्या मधे धरून हायड्रॉलिक जॅकच्या प्रेसखाली हळू दाबायचं. कड वळते तेव्हा हलकासा कुईं असा आवाज येतो पत्र्यातून, तो आवाज तुटक आला तर थांब. पत्रा दीड दोन मिलीच्या आतला घे.

पत्र्याची जात विचारून घे, हे कुणी सांगत नाही. दुकानदार नुसतं 'अॅल्युमिनियम' म्हणून देतो. ५०५२ वाकतो छान, खाऱ्या हवेला पण टिकतो, आर्गनही बसतं. ६०६१ चा कडक पत्रा टिकाऊ, पण घट्ट वाकवलास की वळणावर तडकतो. आणि विमानाचा २०२४ भंगारात कुठून मिळालाच तर त्यावर वेल्डिंगचा हट्ट धरू नकोस, आतून चिरा जातात, म्हणून तर विमानवाले रिव्हेट मारत बसायचे, त्यांना काय हौस नव्हती.

आणि चॅसीला, स्टिअरिंगच्या कुठल्याही दांड्याला, ब्रेकच्या पेडलला भोक नको. फोटोत अमेरिकन लोकांच्या पुढच्या अॅक्सलला भोकं दिसतात, ती मधल्या पातळ भागात असतात, काका म्हणाले तसं, आणि ती गाडी वर्षातून चार वेळा जत्रेला निघते. तुझी जीप साखळी-डिचोली रस्त्यावरचे खड्डे खाणार आहे.

टाकीच्या गाडीचं कुणाला करायचंच असेल तर खरी टाकी शोधत फिरू नका, आपल्याकडे होड्यांचे फायबरवाले आहेत ना, त्यांना थेंबाचा साचा द्या, दोन फाकी काढून देतील. त्यांचा हात मुलायम असतो. फक्त नाव काय द्यायचं ते बघा, बेली टँक म्हणून आणलं आणि कोळीण म्हणाली ही उलटी होडी कुणाची.

आरटीओ_पीडित

मजा चाललीय, चालू द्या, मी मिठाचा खडा टाकतो. दादा, कागद बघितलेस का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, बनवणाऱ्याने ज्या रूपात गाडी दिली त्यापेक्षा मूळ गोष्टी बदलायला मनाई, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. सीट बदलली, आतला पत्रा ॲल्युमिनियमचा केला, डॅशबोर्ड केला, इथपर्यंत कुणी फारसं तोंड उघडत नाही. पण चॅसी कापली, वेगळं इंजिन टाकलं, मडगार्ड काढून चाकं उघडी ठेवली की पासिंगला अडकलास. खऱ्या हॉट रॉडची सगळी ओळख नेमकी त्यातच, म्हणून आपल्याकडे रस्त्यावरचा हॉट रॉड हा प्रकार कागदावर बसतच नाही.

दुसरं, तुझी जीप १९७१ ची म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात सांभाळलेली असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. तुझी तिकडे न्यायची असेल तर चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे आधी ठरव, तुला बाबांची जीप पाहिजे की विमान पाहिजे. माझ्या मित्राने दोन्ही करायला गेला आणि आता गाडी गोठ्यात आहे, वर पोफळीच्या सुपाऱ्या वाळत घातल्यात.

डिचोलीचा_जीपवाला

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते फक्त कलम ५२ वर हसले आणि म्हणाले इंजिनाला हात लावशील तर हात तोडीन, हरिकेन इंजिन आहे ते, ७० च्या वर घोडे आणि एक पण मेलेला नाही. म्हणजे ठरलं, चॅसी, इंजिन, मडगार्ड, बाहेरचं रूप जसं आहे तसं, रंग पण तोच. गंजलेला लोखंडी पत्रा लोखंडानेच बदलणार. विमानाचं काम फक्त आत, दोन सीटा, मधला खण आणि बॅटरीची पेटी. खवचट, तुझ्या शब्दात सांगायचं तर नव्या पत्र्याला भोकं पाडून जुन्याचा आव, पण निदान कड वळवलेली असेल.

५०५२ चा दीड मिलीचा एक पत्रा आणलाय. कुंडई दादा, डाय भाड्याने देणार का? आणि काका, तुमच्या भरवशावर भरीव रिव्हेट मागवले, चुलतभावाला आत ठोकळा धरायला बसवलं आणि टाकाऊ पट्टीवर वीस ठोकून बघितले. टकोरीची खूण पण ठरवली तुमच्यासारखी. वीसातले सहा बरे. बाकीच्यांची डोकी एका बाजूला कलंडलीत, सगळी एकाच बाजूला, डावीकडे. आणि पत्रा रिव्हेटच्या आजूबाजूला ताटासारखा फुगलाय. काय चुकतंय?

दाबोळी_निवृत्त

पहिल्या वीसात सहा? माझे पहिल्या दिवशी दोन होते आणि त्यातला एक इन्स्पेक्टरने काढायला लावला.

एकाच बाजूला कलंडतात म्हणजे चुलतभाऊ ठोकळा तिरका धरतोय, बहुतेक हात दमल्यावर. त्याला सांग कोपर मांडीला टेकवून बस, अधांतरी धरू नकोस. ताटासारखं फुगणं म्हणजे ठोकायच्या आधी दोन पत्रे एकमेकांना चिकटलेले नव्हते, मधे फट, रिव्हेट त्या फटीत फुगला. त्यासाठी क्लिको नावाच्या स्प्रिंगच्या पिना असतात, दर चौथ्या पाचव्या भोकात घालून पत्रे आवळून घ्यायचे. त्या नाही मिळाल्या तर छोटे मशीन स्क्रू आणि नट चालतील, वेळ जास्त जाईल. भोकं पाडल्यावर पत्रे उघडून मधला कीस काढलास का? नसशील काढला. तोच फट ठेवतो.

बिघडलेला काढताना डोक्यातच बारीक ड्रिल मार, पत्र्यापर्यंत जाऊ नकोस, मग पंचाने डोकं उडव. भोक मोठं झालं तर एक माप मोठा रिव्हेट.

रविवारी सकाळी मोकळा असतो मी. पट्टी घेऊन ये, आणि चुलतभावाला पण आण, खरं शिकवायचंय ते त्याला.

कुंडईचा_वेल्डर

डाय भाड्याने नाही, अशीच ने. पण ३८ मिलीचीच आहे आणि मादीच्या एका कडेला टवका गेलाय, ती बाजू दिसणार नाही अशी धर. काका, रविवारी मी पण आलो तर चालेल का? माझी एक्सट्रा गन आहे, आणि पाव मी आणतो.